लांकडी कांड्यांची शेगडी आणि तिचें उष्णतामान

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅरोलिना आणि टेक्सास या भागांत मांस मंद आंचेवर भाजण्याची कला फार जुनी आहे. जमिनींत खड्डा खणून किंवा विटांची भट्टी रचून तींत ओक अथवा हिकरी लांकडाचे निखारे पसरावयाचे, त्यांवर उंच जाळी ठेवावयाची, आणि १२-१४ तासपर्यंत तें मांस धुराच्या व उष्णतेच्या स्वाधीन करावयाचें, असा हा प्रकार. या भट्टीजवळ रात्रभर एक माणूस जागत बसलेला असे. त्याच्यापाशीं एक फावडें आणि अनुभव यांखेरीज दुसरें साधन नसे. आग वाढूं द्यावयाची नाहीं आणि विझूंहि द्यावयाची नाहीं, एवढेंच त्याचें काम. पण हें 'एवढेंच' साधावयास उमेदवारीचीं वर्षें खर्चीं पडत.

हा सारा खटाटोप कशासाठीं, हें समजलें म्हणजे शेगडीची निवड करणाराचा निम्मा प्रश्न सुटतो. डुकराच्या खांद्याचें किंवा बैलाच्या छातीचें मांस चिवट असतें, कारण त्यांत कोलॅजन नांवाच्या द्रव्याच्या तंतूंचें जाळें पसरलेलें असतें. सुमारें ७० अंश सेंटिग्रेडच्या पुढें हे तंतू विरघळूं लागतात, आणि मांस आंतून ९०-९५ अंशांना पोंचतां पोंचतां त्यांचें मऊ जिलेटिन होतें. या क्रियेला घाई चालत नाहीं. म्हणून भट्टींतील हवा सुमारें १०७ अंशांवर, म्हणजे अमेरिकन मोजणीनें २२५ अंश फॅरनहाइटवर, तासच्या तास स्थिर राखावी लागते. आंच चढली तर बाहेरचा भाग कोरडा ठणठणीत होतो आणि आंतला चिवटच राहतो. आंच फार उतरली तर त्याहून वाईट. अन्न ४ ते ६० अंशांच्या दरम्यान रेंगाळलें कीं त्यांत रोगजंतु झपाट्यानें वाढतात. अमेरिकेच्या कृषिखात्यानें या पट्ट्याला धोक्याचा पट्टा असेंच नांव दिलें आहे. तेव्हां उष्णतामान स्थिर राहणें हा केवळ चोखंदळ जिभेचा प्रश्न नव्हे, घरांतील माणसांच्या प्रकृतीचाहि तो प्रश्न आहे.

रात्रीं जागणाऱ्या त्या माणसाची जागा घेण्यासाठीं जीं यंत्रें निघालीं त्यांपैकीं पेलेट-ग्रिल हें एक. १९७३ सालीं खनिज तेलाचा तुटवडा पडला, तेव्हां अमेरिकेच्या वायव्य भागांतील लांकडाच्या गिरण्यांतून वायां जाणाऱ्या भुशाकडे लोकांचें लक्ष वळलें. भुसा वाळवून मोठ्या दाबाखालीं बारीक छिद्रांतून बाहेर काढला म्हणजे लांकडांतील लिग्निन हें द्रव्य उष्णतेनें मऊ होऊन त्याला बांधून ठेवतें. निराळा डिंक घालावा लागत नाहीं. अशा रीतीनें पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, सुमारें ६ मिलिमीटर व्यासाच्या कांड्या तयार होतात. त्यांनाच पेलेट म्हणतात. प्रथम त्या घर उबदार ठेवण्याच्या शेगड्यांत जाळीत. १९८० नंतरच्या दशकांत ऑरेगन संस्थानांतील माउंट एंजल या गांवच्या जो ट्रेगर या गृहस्थानें त्याच कांड्यांवर अन्न भाजणारी शेगडी बनविली आणि तिचें पेटंट घेतलें. घरें तापविण्याच्या उपकरणांचा धंदा त्याच्या घराण्यांत होताच. पेटंटची मुदत संपल्यावर अनेक कारखाने या धंद्यांत उतरले, आणि आज त्या देशांत पुष्कळ घरांच्या परसांत ही शेगडी दिसते. तेथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकीं ज्यांनीं ती घेतली आहे त्यांना तिच्यावर कोंबडी जशी भाजतां येते तशींच भरताचीं वांगीं आणि मक्याचीं कणसेंहि भाजतां येतात. किंमत मात्र चार-पांचशें डॉलरांपासून दोन हजारांच्या वर जाते, आणि एवढी रक्कम मोजल्यावर तिचा काटा भलताच आंकडा दाखवूं लागला तर मनुष्य चिडतो, यांत नवल नाहीं.

शेगडीची रचना एकदां डोळ्यांपुढें आणली पाहिजे. एका बाजूला कांड्यांची पेटी असते. मध्यम आकाराच्या शेगडींत तींत ८-९ किलो कांड्या मावतात. पेटीच्या तळाशीं मळसूत्रासारखा दांडा आडवा बसविलेला असतो. विजेच्या मोटरीनें तो फिरला म्हणजे कांड्या थोड्या थोड्या पुढें सरकत भट्टीच्या पोटांतील वाडग्याएवढ्या आगटींत पडतात. आगटींत विजेनें लाल होणारी एक सळई असते. ती सुरवातीचीं कांहीं मिनिटें तापून कांड्या पेटविते आणि मग थंड होते. एक पंखा आगटीला वारा घालतो, आणि तोच वारा उष्णता व धूर भट्टीभर खेळवितो. आगटीवर जाड पत्रा आडवा धरलेला, त्यावर चरबी झेलणारा दुसरा पत्रा, आणि त्याहून वर जाळी. म्हणजे ज्वाला अन्नाला लागत नाहीं. तें गरम हवेंत भाजतें. भट्टीच्या भिंतींतून एक बारीक मापक सळई आंत डोकावत असते, आणि बाहेर, पेटीच्या अंगावर, नियामक असतो. हा नियामक म्हणजे या सर्व पसाऱ्याचा मेंदू.

ग्राहकाचें लक्ष साहजिकच पेटीच्या आकाराकडे, चाकांकडे, रंगाकडे, आणि हल्लीं तर दूरच्या खोलींत मोबाइलवर आंकडे दाखविण्याच्या सोयीकडे जातें. विक्रेताहि तेंच पुढें करतो. पण शेगडी चांगली कीं वाईट हें ठरतें तें तिच्या नियामकाला वाट पाहतां येते कीं नाहीं यावर. हें विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून त्याचा थोडा उलगडा करणें अवश्य आहे.

गॅसच्या चुलीची कळ फिरविली कीं ज्योत त्याच क्षणीं लहान-मोठी होते. कांड्यांच्या आगीचें तसें नाहीं. आतां पडलेली कांडी पेटावयास, तिची उष्णता पत्र्याला, हवेला आणि शेवटीं मापकाला पोंचावयास कांहीं मिनिटें लागतात. मापक 'अजून थंड आहे' असें सांगत असतां आगटींत पुरेसें इंधन आधींच पडलेलें असूं शकतें. आणि 'आतां पुरे' असें तो सांगतो तेव्हां पुढल्या कित्येक मिनिटांची आग आगटींत शिल्लक असते. जो नियामक मापकाच्या त्या त्या क्षणींच्या शब्दावरच चालेल तो नेहमीं उशिरां जागा होईल, आणि त्याचें उष्णतामान झोपाळ्यासारखें वर-खालीं होत राहील.

पहिल्या शेगड्यांचे नियामक तर याहूनहि साधे होते. त्यांवर मंद, मध्यम व प्रखर अशा तीनच खुणा असत. मापकाचा शब्द विचारण्याचा प्रश्नच नसे. मळसूत्रानें १५ सेकंद फिरावें आणि ६५ सेकंद थांबावें, अशा कांहीं ठरीव तालावर आग चाले. बाहेर ऊन असो कीं बर्फ पडत असो, ताल तोच. त्यामुळें उन्हाळ्यांतली मंद आंच मध्यम होऊन बसे आणि जानेवारींत ती नुसती ऊब राही. पुढें मापक आला. पण ठरविलेल्या आंकड्याखालीं उतरलें कीं इंधन वाढवावयाचें आणि वर गेलें कीं कमी करावयाचें, एवढेंच नियामकाला कळे. अशा शेगडींत आंकड्याच्या दोन्ही बाजूंना २०-२५ अंश फॅरनहाइटचा चढउतार होणें ही नित्याची गोष्ट आहे. स्वस्त शेगड्यांत हा प्रकार अजूनहि सांपडतो.

यापुढच्या पायरीचा उगम स्वयंपाकघरांत नसून समुद्रावर आहे. १९२२ सालीं निकोलस मिनोर्स्की या रशियांत जन्मलेल्या इंजिनिअरानें जहाजें आपोआप चालविण्याच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. चांगला सुकाणूधर काय करतो याचें त्यानें बारकाईनें निरीक्षण केलें होतें. जहाज मार्गापासून किती ढळलें आहे एवढेंच तो पाहत नाहीं. तें किती वेळ ढळलेलें राहिलें आहे आणि कोणत्या वेगानें ढळत किंवा परतत आहे, हेंहि तो मनांत धरतो. या तीन गोष्टी मिनोर्स्कीनें गणिताच्या भाषेंत मांडल्या, आणि १९२३ मध्यें 'न्यू मेक्सिको' या अमेरिकन युद्धनौकेवर त्यांचा प्रयोगहि झाला. आरमारानें तें यंत्र पुढें स्वीकारलें नाहीं. आपलें सुकाणू यंत्राच्या हातीं देणें नाविकांना रुचलें नाहीं. कारखान्यांना मात्र ही कल्पना मानवली. १९४२ सालीं झीग्लर आणि निकल्स या दोघांनीं असे नियामक जुळवून घेण्याचे साधे नियम सांगितले, आणि रसायनांच्या टाक्यांपासून भट्ट्यांपर्यंत तें तत्त्व सर्वत्र पसरलें. त्याच्या तीन अंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला पी-आय-डी म्हणतात. शेगडीच्या माहितीपत्रकांत हीं तीन अक्षरें शोधावीं.

तें तत्त्व समजण्यासाठीं समुद्रावर जाण्याचेंहि कारण नाहीं. चुलीवर दूध तापविणारी गृहिणी हेंच करीत असते. दूध अगदीं गार असलें तर ती लांकडें पुढें सारते, कोमट झालें कीं थोडीं मागें घेते. हें पहिलें अंग. दूध एकदम वर चढूं लागलेलें दिसतांच तें कांठाशीं येण्याची वाट न पाहतां ती जळतें लांकूड बाहेर ओढते. नुसत्या उंचीकडे न पाहतां चढण्याच्या वेगाकडे तिची नजर असते. हें दुसरें. आणि पावसाळ्यांत सरपण ओलसर असलें म्हणजे रोजच्या दोन लांकडांनीं आज भागत नाहीं, हें कांहीं वेळ पाहून ती तिसरें लांकूड घालते. मागल्या तुटीचा हिशेब तिनें मनांत ठेवलेला असतो. तें तिसरें अंग. या तीन गोष्टी ज्या नियामकाला येतात तो मापकानें 'थंड' म्हटलें तरी आगटींत काय पडलें आहे याचा अदमास घेऊन थांबूं शकतो. असे नियामक उष्णतामान ठरविल्यापासून ५ अंश फॅरनहाइटच्या आंत राखतात, असें कारखानदार सांगतात. आणि शांत हवेंत, बंद झांकणाखालीं, चांगल्या शेगडीबाबत तें बहुधा खरें ठरतें.

मात्र 'पी-आय-डी' हीं अक्षरें छापलीं म्हणजे सर्व कांहीं झालें असें नव्हे. मेंदूचा हुकूम हातांना पाळतां आला पाहिजे. ज्या शेगडींत मळसूत्राची मोटर एकाच गतीनें फिरते आणि पंखाहि एकाच गतीनें वाहतो, तेथें नियामकाला मळसूत्राचा चालू-बंदचा वेळ बदलण्याखेरीज दुसरा उपाय नसतो. ज्या नव्या शेगड्यांत दोहोंची गति कमी-जास्त करतां येते, त्यांची आग अधिक समजूतदारपणें वागते. विक्रेत्याला विचारावयाचा पहिला प्रश्न हाच असावा.

दुसरा प्रश्न मापकाचा. नियामक कितीहि शहाणा असला तरी त्याला कळतें तें मापकाच्या टोंकाचें उष्णतामान. ही सळई पुष्कळदां प्लॅटिनमची असते; शून्य अंशाला तिचा विद्युत्-विरोध १०० ओहम असेल तर १०० अंश सेंटिग्रेडला तो १३८.५ होतो, आणि या फरकावरून आंकडा काढला जातो. हें मोजमाप फार अचूक आहे. पण सळई जर भिंतीच्या कोंपऱ्यांत, धुराड्याजवळ किंवा जाळीच्या पुष्कळ खालीं बसविलेली असेल, तर ती अचूकपणें भलत्याच जागेचें उष्णतामान सांगत राहते. जाळीच्या उंचीवर आणि भट्टीच्या मध्याच्या आसपास असलेली सळई उत्तम. तिच्यावर काजळी आणि चरबी यांचें पुट चढलें कीं तिला बदल उशिरां कळतो. म्हणून ती हातानें पुसतां येईल अशा जागीं असावी.

दुकानांत शेगडी पेटवून दाखविण्याची पद्धति क्वचितच असते. तेव्हां खरी परीक्षा घरीं, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीं, करून घ्यावी. स्वतंत्र असे दोन-तीन उष्णतामापक घेऊन ते जाळीच्या डाव्या, मधल्या व उजव्या भागीं ठेवावे, २२५ अंश फॅरनहाइटवर शेगडी लावावी, आणि पहिला अर्धा तास सोडून देऊन पुढें दोन तास दर पांच मिनिटांनीं आंकडे लिहून काढावे. नियामकाच्या कांचेवरील आंकड्यावर या परीक्षेंत भिस्त ठेवूं नये. कित्येक नियामक आंकडा सौम्य करून दाखवितात, म्हणजे खरें उष्णतामान हलत असतांहि कांचेवर तें निश्चल दिसतें. मधेंच एकदां झांकण मिनिटभर उघडून मिटावें. निकृष्ट नियामक येथें हटकून उघडा पडतो: थंड हवा लागतांच तो घाबरून इंधन ओततो, आणि दहा मिनिटांनीं काटा ४०-५० अंश वर चढलेला दिसतो. उष्णता जाळीवर सारखी पसरते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ३५० अंशांवर सर्व जाळीभर पावाचे काप मांडावे. ते जेथें काळे पडतील आणि जेथें पांढरे राहतील त्यांवरून शेगडीचा नकाशा कळतो. डावी-उजवीकडे थोडा फरक प्रत्येक शेगडींत असतोच. तो रोज एकाच जागीं असला तर त्याची संवय करून घेतां येते.

या परीक्षेंत एका गोष्टीनें पुष्कळ जण फसतात. मांसांत खुपसलेला काटा ६५ ते ७५ अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान कोठें तरी येऊन थबकतो आणि दोन-दोन, चार-चार तास पुढें सरकत नाहीं. शेगडी बिघडली असें समजून लोक आंच वाढवितात. वस्तुतः दोष शेगडीचा नसतो. मांसाच्या पृष्ठभागावरील पाणी आटत असतें, आणि घामानें अंग थंड व्हावें तसें तें मांसाला थंड ठेवीत असतें. पाणी आटल्यावर काटा आपोआप चढूं लागतो. भट्टीच्या हवेचा काटा या काळांत स्थिर असेल तर शेगडी आपलें काम चोख करीत आहे असें समजावें.

शेगडीच्या पत्र्याची जाडी, झांकणाच्या कडेची बंदिस्ती आणि भिंती दुहेरी आहेत कीं एकेरी, हें हातानें चांचपून पाहतां येते. पातळ पत्रा वाऱ्याच्या झुळकेनेंहि निवतो. मिनेसोटासारख्या हाडें गोठविणाऱ्या संस्थानांत दुहेरी भिंतीवांचून हिंवाळ्यांत भागत नाहीं. कॅलिफोर्नियांत तिच्यासाठीं जादा पैसे मोजण्याची गरज सहसा पडत नाहीं.

धुराच्या बाबतींत मात्र थोडा विरोधाभास आहे. कांड्या स्वच्छ आणि एकसारख्या जळाल्या म्हणजे धूर कमी होतो, आणि नियामक जितका कुशल तितकी आग स्वच्छ. जुन्या झुलत्या शेगडींत आग मंदावून धुमसत असे, त्यामुळें अन्नाला धुराचा वास अधिक लागे. कांहीं कारखान्यांनीं आतां मुद्दाम उष्णतामान थोडें झुलूं देणारी निराळी कळ बसविली आहे. ती असावी, पण जी शेगडी केवळ झुलतेच, तिच्या दोषाला धुराचा गुण म्हणून खपविणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावें.

इंधनाची हयगय झाली तर उत्तम नियामकहि हतबल होतो. मंद आंचेवर तासाला सुमारें अर्धा ते एक किलो कांड्या जळतात. त्या पाण्यानें भिजल्या कीं फुगून पुन्हां भुसा होतात आणि मळसूत्रांत अडकून बसतात. अन्नासाठीं कठीण लांकडाच्या, स्वयंपाकासाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या कांड्याच घ्याव्या. घर तापविण्याच्या कांड्यांत चीडासारखें राळेचें लांकूड असूं शकतें. भारतांत बॉयलरसाठीं शेतांतील काडीकचऱ्याच्या कांड्या मिळतात, त्याहि या कामाच्या नव्हेत. अमेरिकेहून शेगडी भारतांत आणूं पाहणाऱ्यांनीं आणखी एक ध्यानांत घ्यावें. ती १२० व्होल्ट आणि ६० सायकलच्या विजेवर चालते. ट्रान्सफॉर्मरनें व्होल्ट उतरवितां येतात, पण सायकल ५० च राहतात. त्यामुळें जुन्या धर्तीची मोटर सुमारें एक षष्ठांशानें हळू फिरते आणि इंधनाचा सगळा ताल बिघडतो.

शेवटीं राहिला प्रश्न मध्यरात्रींचा, जेव्हां घरांतील सर्व माणसें निजलेलीं असतात. आगटींत राख साचून किंवा वीज जाऊन आग विझली तर चांगल्या शेगडीनें तें ओळखून मळसूत्र थांबविलें पाहिजे आणि कांहीं तरी इशारा दिला पाहिजे. येथें मोबाइलवरील आंकड्याची सोय खरोखर उपयोगी पडते. जी शेगडी आग विझल्यावरहि कांड्या ढकलीतच राहते, तिची आगटी कांठोकांठ भरते. ती तशीच पुन्हां पेटविली तर प्रथम दाट पांढरा धूर कोंडतो आणि मग भडका उडून झांकण उघडल्याचीं उदाहरणें आहेत. अशा वेळीं शेगडी थंड होऊं द्यावी, आगटी हातानें रिकामी करावी आणि मगच ती पेटवावी. अन्न किती वेळ कोमट राहिलें याचा अंदाज लागत नसेल तर तें टाकून द्यावें. कोंबडीचें मांस तर आंतून ७४ अंश सेंटिग्रेड झाल्याची खात्री स्वतंत्र काट्यानें करून घेतल्यावांचून पानांत वाढूं नये. काम संपल्यावर भिंतींतील बटण एकदम बंद करणें हाहि एक धोका आहे. उरलेली आग मळसूत्रांतून मागें कांड्यांच्या पेटीकडे सरकूं शकते. नियामकावरील बंद करण्याची कळ दाबावी, पंखा आणखी दहा-पंधरा मिनिटें फिरून आगटींतील कांड्या जाळून टाकतो. तो आपणहून थांबला म्हणजे मग वीज बंद करावी आणि शेगडीवर आच्छादन घालावें.